प्रमाण आधी की रूळ आधी?

नेरळ स्टेशनात उभे राहिले की एकाच नजरेत दोन रेल्वे दिसतात. एक मुंबईहून कर्जतकडे जाणारी ब्रॉडगेज, दुसरी माथेरानचा डोंगर चढणारी छोटी गाडी. पहिलीच्या दोन रुळांमधले अंतर १६७६ मिलिमीटर, म्हणजे साडेपाच फूट. दुसरीचे ६१० मिलिमीटर, म्हणजे जेमतेम दोन फूट. मोठी रेल्वे या देशात १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे अशी सुरू झाली. माथेरानची गाडी १९०७ साली धावू लागली. दोन काळ, दोन गरजा आणि दोन मापे शेजारी शेजारी नांदताना पाहायची असतील तर नेरळइतकी सोयीची जागा क्वचितच सापडेल.

त्या बाजूच्या एका शाळेतल्या आठवी-नववीच्या मुलांनी विज्ञान प्रदर्शनासाठी नेमकी हीच जागा निवडली. आठ फूट बाय चार फुटांच्या प्लायवुडवर स्टेशनाची प्रतिकृती करायची, मोठ्या रुळांवर विजेवर चालणारी गाडी फिरवायची आणि शेजारी माथेरानची गाडी दाखवायची, असा बेत होता. मी व्यवसायाने पदार्थविज्ञानाचा संशोधक, पण छोट्या रेल्वेची हौस लहानपणापासूनची. म्हणून तिथल्या सरांनी सल्ला विचारला. मी फारसा विचार न करता सांगून टाकले, ''१:८७ हे प्रमाण धरा. त्याचे रूळ सगळीकडे मिळतात. माथेरानसाठी ९ मिलिमीटरचे रूळ घ्या.'' मुलांनी वर्गणी काढून रूळ आणले, पुठ्ठ्याची स्टेशन-इमारत केली, फलाट केला.

महिन्याभराने पाहायला गेलो तेव्हा सगळे नीटनेटके दिसत होते. पण रोज त्याच स्टेशनातून शाळेत येणारी एक मुलगी म्हणाली, ''सर, यात माथेरानची गाडी फार मोठी झालीय. आणि मोठी गाडी रुळांवर उभी राहिल्यासारखी नाही, टांगल्यासारखी वाटते.'' तिच्या हातात ना फूटपट्टी होती ना तक्ता. तरी तिचे म्हणणे शंभर टक्के बरोबर होते. चूक माझ्या सल्ल्यात होती. ती कुठे होती आणि कशी निस्तरली, ते सांगण्यासाठी हा लेख.

प्रमाण वेगळे, गेज वेगळे

प्रतिकृतीच्या रेल्वेत दोन शब्दांचा नेहमी गोंधळ होतो. प्रमाण म्हणजे खऱ्या वस्तूच्या किती पट लहान. १:८७ म्हणजे खऱ्या वस्तूचे ८७ मिलिमीटर प्रतिकृतीत एक मिलिमीटर. नकाशाचे प्रमाण शिकवताना आपण हेच शिकवतो. गेज म्हणजे दोन रुळांच्या आतल्या कडांमधले अंतर. गेज हे प्रमाण नव्हे, ती एक लांबी आहे. बाजारातल्या रुळांवर ''१६.५ मिमी'' लिहिलेले असते तेव्हा ते गेज असते. ते कोणत्या प्रमाणाला लागू पडेल, हे खऱ्या रेल्वेचे गेज किती आहे यावर ठरते.

युरोप-अमेरिकेतील बहुतेक रेल्वेचे गेज १४३५ मिलिमीटर आहे. त्याला ८७ ने भागले की १६.५ येते. म्हणून १:८७ या प्रमाणासाठी १६.५ मिमीचा रूळ तयार झाला आणि तोच जगभर सर्वांत जास्त खपू लागला. त्याच रीतीने १:१६० साठी ९ मिमी आणि १:२२० साठी ६.५ मिमी. हे आकडे आपल्यापर्यंत येतात तेव्हा त्यांच्यामागचा १४३५ हा आकडा गळून पडलेला असतो. खोक्यावर ''१:८७, १६.५ मिमी'' अशी जोडी छापलेली असते आणि ती जणू निसर्गनियम आहे असे आपण समजतो. माझीही तीच चूक झाली.

आपली ब्रॉडगेज १६७६ मिमीची. तिला ८७ ने भागले तर १९.३ येते. म्हणजे १:८७ च्या भारतीय गाडीखाली १६.५ मिमीचा रूळ घातला की गेज सुमारे १४ टक्क्यांनी अरुंद होते. आपल्या नेहमीच्या जुन्या निळ्या डब्याची, म्हणजे पेरांबूरच्या कारखान्यातल्या आराखड्याच्या डब्याची, रुंदी सुमारे ३.२४ मीटर असते. ती गेजच्या १.९४ पट आहे. आमच्या पाटावर मात्र डबा गेजच्या २.२६ पट रुंद झाला होता. ''टांगल्यासारखी'' वाटली ती यामुळे.

माथेरानच्या बाबतीत चूक उलट्या दिशेने झाली होती. ६१० ला ८७ ने भागले तर ७ मिमी येतात. आम्ही वापरले ९. म्हणजे खऱ्या मापात ७८३ मिमी. दोन्ही चुका एकत्र पाहा. नेरळला मोठे गेज लहान गेजच्या पावणेतीन पट आहे, कारण साडेपाच भागिले दोन म्हणजे २.७५. आमच्या पाटावर १६.५ भागिले ९ म्हणजे १.८३. मोठे माप आक्रसले होते, लहान फुगले होते. माणसाचा डोळा मिलिमीटर मोजत नाही, पण गुणोत्तर फार चटकन ओळखतो. त्या मुलीने ओळखले ते गुणोत्तर.

रूळ तोच, प्रमाण बदला

आता काय करायचे? पहिला विचार आला तो रूळ उखडून टाकण्याचा. पण १९.३ मिमीचा रूळ तयार मिळत नाही आणि वर्गणीचे पैसे तर संपलेले. तेव्हा प्रश्न उलटा करून पाहिला. हातात १६.५ मिमीचा रूळ आहे. तो भारतीय ब्रॉडगेज आहे असे मानले, तर प्रमाण किती? १६७६ भागिले १६.५. उत्तर येते १:१०१.६.

हा आकडा विचित्र दिसतो, पण हौशी लोकांच्या जगात तो अनोळखी नाही. ब्रिटनमध्ये प्रतिकृतीचे प्रमाण ''एका फुटाला इतके मिलिमीटर'' असे सांगण्याची पद्धत आहे. एका फुटात ३०४.८ मिलिमीटर. एका फुटाला ३ मिमी धरले की ३०४.८ भागिले ३, म्हणजे बरोबर १०१.६. या प्रमाणाच्या गाड्या तिथे ट्रायँग या कंपनीने १९५७ साली बाजारात आणल्या. पुढे त्यांचे उत्पादन बंद पडले, पण १९६५ साली स्थापन झालेल्या थ्री एमएम सोसायटी या हौशी लोकांच्या संस्थेने ते प्रमाण जिवंत ठेवले. आज हे अल्पसंख्य प्रमाण आहे. दुकानात मागितले तर दुकानदार आपल्याकडे पाहत राहील.

गंमत म्हणजे खुद्द ब्रिटनमध्ये या प्रमाणाचा रूळ चुकीचा होता. ट्रायँगने १२ मिमीचा रूळ वापरला. १२ मिमी म्हणजे या प्रमाणात ४ फूट. खरे गेज ४ फूट साडेआठ इंच. ज्यांना बिनचूक काम हवे होते त्यांनी १४.२ मिमीचे रूळ स्वतः बनवायला घेतले. आपल्याला मात्र तो त्रास नाही. साडेपाच फूट गुणिले ३ मिमी म्हणजे बरोबर १६.५ मिमी. एकोणिसाव्या शतकात लॉर्ड डलहौसीने सहा फुटांच्या गेजचा आग्रह धरला होता. तो मानला गेला असता तर हा मेळ बसला नसता. साडेपाच फुटांवर तडजोड झाली आणि परक्या देशाच्या, परक्या प्रमाणाच्या रुळावर आपली ब्रॉडगेज केसभरही न चुकता बसली. हा निव्वळ योगायोग आहे, पण त्याचा फायदा घ्यायला हरकत नाही.

आणि माथेरान? दोन फूट गुणिले ३ म्हणजे ६ मिमी. तयार मिळणारा सर्वांत जवळचा रूळ ६.५ मिमीचा, १:२२० या प्रमाणासाठी केलेला. फरक ८ टक्के.

सगळी प्रमाणे शेजारी मांडून मुलांनी फळ्यावर हा तक्ता केला. प्रत्येक ओळीत आधी नेरळला लागणारे गेज आणि मग जवळात जवळचा तयार रूळ दिला आहे. मापे मिलिमीटरमध्ये आहेत.

१:६४ – ब्रॉडगेज २६.२, जवळचा रूळ २२.५, माथेरान ९.५, जवळचा रूळ ९
१:७६.२ – ब्रॉडगेज २२.०, जवळचा रूळ २२.५, माथेरान ८.०, जवळचा रूळ ९
१:८७ – ब्रॉडगेज १९.३, जवळचा रूळ १६.५, माथेरान ७.०, जवळचा रूळ ६.५
१:१०१.६ – ब्रॉडगेज १६.५, जवळचा रूळ १६.५, माथेरान ६.०, जवळचा रूळ ६.५
१:१२० – ब्रॉडगेज १४.०, जवळचा रूळ १२, माथेरान ५.१, जवळचा रूळ ६.५

१:७६.२ हे प्रमाणही वाईट नाही. पण त्यासाठी लागणारा २२.५ मिमीचा रूळ मुळात १:६४ साठीचा आहे, तो इथे मिळणे कठीण, आणि त्या प्रमाणात एक डबा २८ सेंटिमीटरचा होतो. १:१०१.६ मध्ये २१.३४ मीटरचा डबा २१ सेंटिमीटरचा होतो. पाच डब्यांची गाडी सव्वा मीटरच्या आत बसते. आठ फुटी पाटाला हेच बरे.

तेव्हा निर्णय झाला. रूळ हलवायचे नाहीत, प्रमाण बदलायचे. पुठ्ठ्याची इमारत, फलाट, पूल हे सगळे सुमारे १४ टक्क्यांनी लहान करून पुन्हा कापायचे. मुलांनी कपाळाला हात लावला, पण पुठ्ठा स्वस्त आणि रूळ महाग हा हिशेब त्यांनाही पटला.

विकत आणलेल्या परदेशी डब्याची वरची बॉडी काढून तिथे पुठ्ठ्याची भारतीय बॉडी बसवायची होती. खालच्या बोगीचे काय, ही धास्ती होती. आपल्या डब्याच्या बोगीत दोन आसांमधले अंतर २८९६ मिमी असते. १०१.६ ने भागले की २८.५ येते. युरोपातील पुष्कळ प्रवासी डब्यांच्या बोगीत हेच अंतर २५०० मिमी असते. ८७ ने भागले की २८.७ येते. फरक पंचमांश मिलिमीटरचा! बोग्या जशाच्या तशा चालल्या.

सगळेच लहान का करता येत नाही

प्रमाण जमले, गेज जमले. मग रुळाची बाकीची मापेही तंतोतंत का करू नयेत? इथे शाळेतल्या विज्ञानाची खरी कसोटी लागते.

आधी रुळाची उंची घेऊ. तयार रुळांना १००, ८३, ७०, ५५ असे क्रमांक असतात. हे क्रमांक म्हणजे रुळाची उंची, इंचाच्या हजाराव्या भागांत मोजलेली. १०० क्रमांकाचा रूळ २.५४ मिमी उंच. आपल्या प्रमाणात तो २५८ मिमीचा होतो. खऱ्या मुख्य मार्गावरचा ६० किलोचा रूळ, म्हणजे मीटरमागे ६० किलो वजनाचा रूळ, १७२ मिमी उंच असतो. ७० क्रमांकाचा रूळ १८१ मिमीचा ठरतो, म्हणजे जवळपास बरोबर. ५५ क्रमांकाचा १४२ मिमीचा ठरतो आणि तो जुन्या ९० पौंडी रुळाशी चपखल जुळतो, कारण त्याची उंची १४३ मिमी होती. ज्याला नवा रूळ घ्यायचा आहे त्याने वर्तमानकाळाच्या प्रतिकृतीसाठी ७० आणि जुन्या काळासाठी ५५ घ्यावा. आमच्याकडे १०० होता. मुलांनी त्याच्या बाजू गंजासारख्या तपकिरी रंगवल्या आणि खडी थोडी वरपर्यंत भरली. उंची लपली.

आता चाक. रेल्वेच्या चाकाला आतल्या बाजूने एक उभी कडा असते, तिला फ्लँज म्हणतात. ही कडा चाकाला रुळावरून घसरू देत नाही. खऱ्या नव्या चाकाची कडा सुमारे २८.५ मिमी असते. १०१.६ ने भागा. ०.२८ मिमी, म्हणजे पोस्टकार्डाच्या जाडीइतकी. दोन रूळ जोडताना त्यांच्यात एवढा उंचसखलपणा राहतोच. असे चाक पहिल्याच जोडावर घसरेल. म्हणून अमेरिकेतील हौशी लोकांच्या संघटनेने आखून दिलेल्या मानकात ही कडा ०.६४ मिमी ठेवली आहे, आणि बहुतेक चांगली चाके त्याच्या आसपास असतात.

यामागचे दुसरे कारण वजनाचे आहे. लांबी १०१.६ पट कमी झाली की क्षेत्रफळ त्याच्या वर्गाइतके आणि घनफळ त्याच्या घनाइतके कमी होते. १०१.६ चा घन सुमारे साडेदहा लाख. रिकामा डबा ४० टनांचा धरला तर त्याची ''प्रमाणबद्ध'' प्रतिकृती ३८ ग्रॅमची होईल. एवढ्या हलक्या डब्याला वळणावर पुढचे इंजिन सहज बाजूला ओढते. म्हणून डब्याच्या तळाशी, शक्य तितके खाली, वजन चिकटवून तो शंभर ग्रॅमच्या वर न्यावा लागतो. लांबी लहान करता येते, पण गुरुत्वाकर्षण, घर्षण आणि आपल्या हाताची अचूकता त्या प्रमाणात लहान होत नाहीत. म्हणून प्रत्येक प्रतिकृतीत कुठे तरी तडजोड अटळ असते. ती कुठे करायची, हे मात्र आपल्या हातात असते.

मुलांना मी एक नियम करून दिला. चाक जिथे टेकते तिथे आधी चालण्याचा विचार करायचा. डोळा जिथे जातो तिथे आधी गुणोत्तराचा. जिथे चाकही नाही आणि डोळाही फारसा जात नाही, तिथे खुशाल तडजोड करायची.

स्लीपर हे याचे चांगले उदाहरण. आपल्या ब्रॉडगेजचा सिमेंटचा स्लीपर २.७५ मीटर लांब, आणि किलोमीटरला १६६० या दराने दोन स्लीपरमधले अंतर सुमारे ६० सेंटिमीटर. प्रतिकृतीत लांबी २७ मिमी आणि अंतर ५.९ मिमी. आमच्या तयार रुळाचे स्लीपर ३० मिमी लांब निघाले. मग स्टेशनाच्या समोरच्या भागात, जिथे पाहणारे वाकून पाहतात, तिथे मुलांनी दोन्ही टोके दीड-दीड मिलिमीटर कापली. मागच्या बाजूला तशीच ठेवली. कोणालाही कळले नाही.

वळणाचा हिशेब

सर्वांत मोठी तडजोड वळणात असते. आपल्या ब्रॉडगेजवर वळणाची त्रिज्या १७५ मीटरपेक्षा कमी चालत नाही. प्रतिकृतीत ती १७२ सेंटिमीटर होते. म्हणजे गाडीला अर्धे वर्तुळ घेऊन परत फिरायचे तर साडेतीन मीटर रुंद पाट हवा. आमचा पाट चार फुटी, म्हणजे १२० सेंटिमीटरचा. तयार वळणाच्या तुकड्यांची एक नेहमीची त्रिज्या ४३८ मिमी. खऱ्या मापात ती ४४ मीटर, म्हणजे परवानगीच्या पाव पट.

गाडी या वळणावरून जाते हो. पण डबा सरळ असतो आणि रूळ वाकडा. दोन बोग्या रुळावर असतात, त्यांच्यामधला डब्याचा भाग वळणाच्या आतल्या बाजूला सरकतो. किती सरकतो? हा वर्तुळाच्या जीवेचा साधा प्रश्न आहे. जीवेच्या लांबीचा वर्ग भागिले त्रिज्येची आठपट, एवढे अंतर जीवेच्या मध्यापासून कंसापर्यंत असते. आपल्या डब्याच्या दोन बोग्यांच्या मध्यांमधले अंतर १४.७८ मीटर, म्हणजे प्रतिकृतीत १४५.५ मिमी. त्याचा वर्ग सुमारे २१,१७०. त्याला ८ गुणिले ४३८ ने, म्हणजे ३५०४ ने भागले की ६ मिमी येतात. म्हणजे या वळणावर फलाट केला तर तो डब्याला घासू नये म्हणून ६ मिमी जास्त मागे घ्यावा लागेल. खऱ्या मापात तो ६० सेंटिमीटर होतो. आधीच असलेल्या फटीत एवढी भर पडली तर प्रवाशाला गाडीत उडी मारून शिरावे लागेल!

म्हणून फलाट सरळ भागात घेतला. वळणे दोन्ही टोकांना, पुठ्ठा-कागदाच्या डोंगराआड. तिथे चाक आहे, पण डोळा नाही.

हा हिशेब चालू असताना त्याच मुलीने आणखी एक गोष्ट सांगितली. तिचे वडील रेल्वेत रुळांच्या देखभालीचे काम करतात. ते वळण तपासताना २० मीटरची दोरी रुळाच्या कडेला ताणून धरतात आणि मध्यावर पट्टी लावून अंतर मोजतात. त्या अंतराला ते व्हर्साइन म्हणतात. फळ्यावरचे सूत्र तेच. १७५ मीटर त्रिज्येच्या वळणावर २० मीटरच्या दोरीला २८६ मिमी अंतर यायला हवे. मुलांनी पडताळून पाहिले, ४०० भागिले १४००. नववीच्या भूमितीतली जीवा रोज कोणी तरी उन्हापावसात रुळावर वाकून मोजतो, हे त्या वर्गाला त्या दिवशी प्रथमच कळले असावे. मलाही ती पाठ्यपुस्तकात कधी भेटली नव्हती.

रूळ आणि वीज

प्रतिकृतीत रूळ ही वाटही असते आणि विजेची तारही. एका रुळातून प्रवाह येतो, इंजिनाच्या मोटरमधून जातो आणि दुसऱ्या रुळातून परत फिरतो. म्हणून रुळाचा धातू महत्त्वाचा.

पितळी रूळ स्वस्त असतात, पण त्यांचा पृष्ठभाग हवेत लवकर काळवंडतो आणि चाकाशी नीट संपर्क होत नाही. आपल्या दमट हवेत ते सारखे पुसावे लागतात. जर्मन सिल्व्हरचे रूळ महाग, पण पृष्ठभाग जास्त काळ चांगला राहतो. नावात सिल्व्हर असले तरी त्यात चांदी नसते, तर तांबे, जस्त आणि निकेल असते. मात्र या मिश्रधातूचा रोध तांब्याच्या सुमारे पंधरा ते वीस पट आहे. समजा, रुळाचा काटछेद एक चौरस मिलिमीटर आहे. एका मीटरला सुमारे ०.३ ओहम, जाणारा आणि येणारा मिळून ०.६. पाच मीटर दूर गेलेल्या इंजिनाला अर्धा अँपिअर लागत असेल तर वाटेतच दीड व्होल्ट खर्ची पडतो. बारा व्होल्टच्या गाडीला तो जाणवतो, ती लांब गेली की मंदावते. उपाय सोपा. पाटाखालून तांब्याची जाड तार फिरवावी आणि दर मीटर-दीड मीटरला ती रुळांना डाखावी. ओहमचा नियम शिकवायला यापेक्षा चांगले साधन शोधूनही मिळणार नाही.

पावसाळ्याची एक सूचना. दमट हवेत लाकूड आडवे-उभे फुगते, धातू त्या मानाने कमी हलतो. रुळाला रूळ घट्ट भिडवून बसवला, तर उन्हातल्या उकाड्यात तो वाकून गाडी घसरते. पाच मीटर रुळाला वीस अंशांच्या फरकाने दीड मिलिमीटरच्या आसपास वाढायला जागा लागते. ती प्रत्येक जोडावर थोडी थोडी ठेवावी.

सहा की साडेसहा?

शेवटचा प्रश्न माथेरानचा राहिला. ६.५ मिमीचा तयार रूळ आणि त्यावर चालणारे चिमुकले इंजिन घ्यावे, की ६ मिमीचा रूळ स्वतः करावा? पहिल्यात गाडी चालेल, पण गेज ८ टक्के जास्त आणि खर्च मोठा. दुसऱ्यात माप खरे, पण गाडी जागेवरच उभी. यावर वर्गात चांगलाच वाद झाला. शेवटी सरांनी विचारले, ''आपल्याला दाखवायचे काय आहे?'' दाखवायचे होते ते शेजारी शेजारी असलेले दोन गेज. तेव्हा कौल सहाच्या बाजूने पडला.

लोखंडाच्या पट्टीतून बरोबर ६ मिमी रुंद तुकडा घासून घेतला, तेच मापाचे साधन. काडेपेटीच्या काड्या रंगवून स्लीपर केले आणि एक मिलिमीटरची पितळी तार त्यांवर डिंकाने बसवली. दर बोटभर अंतरावर तो तुकडा मध्ये सरकवून पाहायचा. अडकला तर तार बाहेर, सैल झाला तर आत. स्टेशनाबाहेर रूळ चढणीला लागतो तिथे मुलांनी माथेरानचा १:२० हा चढही बिनचूक ठेवला, दर २० सेंटिमीटरला एक सेंटिमीटर. चढाला प्रमाण लागत नाही, तो खऱ्यात आणि प्रतिकृतीत तोच राहतो, कारण तो मुळातच गुणोत्तर आहे. हे एका मुलाच्या आपोआप लक्षात आले आणि त्याने ते सर्वांना समजावून सांगितले.

प्रदर्शनात बक्षीस मिळाले नाही. परीक्षकांना चालती गाडी एकच दिसली. पण त्या मुलीचे वडील ड्यूटी संपवून आले, कमरेत वाकून बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, ''हां, हे आपलं नेरळ.''

वर्गात करून पाहण्यासारखे

आपल्या गावाजवळून कोणतीही रेल्वे जात असेल तर तिचे गेज मुलांना पुस्तकातून शोधायला सांगावे. रुळांवर उतरून मापे मात्र मुळीच घेऊ नयेत, ते धोक्याचे आहे आणि बेकायदाही. मग ६.५, ९, १२, १६.५ आणि २२.५ मिमी हे पाच तयार रूळ फळ्यावर लिहून, प्रत्येकासाठी आपल्या गाडीचे प्रमाण किती येते ते काढावे. मीटरगेजसाठी ९ मिमीचा रूळ घेतला तर १:१११ येते, आणि तोच रूळ १:१०१.६ मध्ये वापरला तर ९१४ मिमीचा, म्हणजे तीन फुटांचा ठरतो. कोणती तडजोड बरी, यावर मुलांना वाद घालू द्यावा. मैदानावर चुन्याने एक कंस आखून, दोरी आणि पट्टी घेऊन त्याची त्रिज्या काढायला लावावी. रूळ विकत घेण्याची गरजच नाही. कागद, पुठ्ठा आणि भागाकार एवढे पुरते.

आणि कोणी सल्ला विचारला, तर ''सगळे वापरतात ते घ्या'' असे माझ्यासारखे चटकन सांगू नये. आधी खरे माप विचारावे.